कार्डाच्या आतला संगणक

लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम लॅपटॉपवर नव्याने टाकताना गाडी अडते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. पडदा लागतो, कीबोर्ड चालतो, टचपॅड चालतो, आवाजसुद्धा येतो. मग कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक करावं, तर तिथे वायफायचा उल्लेखच नसतो. आसपासच्या नेटवर्कांची यादी रिकामी आहे असंही नाही, मुळात यादीच नाही. सिस्टिमच्या लेखी या लॅपटॉपला वायफाय नावाचा अवयवच नसतो. हवी असलेली फाइल इंटरनेटवर असते आणि त्या फाइलवाचून इंटरनेट मिळत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत.

अशा वेळी शेजारी बसलेला माणूस सहज बोलून जातो, "लिनक्सला वायफाय जमतच नाही." हे वाक्य मला लागतं. कारण त्या रिकाम्या कोपऱ्यामागे काय काय घडून गेलंय ते मला माहीत आहे, आणि त्यात लिनक्सवाल्यांच्या नाकर्तेपणाचा भाग फार थोडा आहे.

वायफायचं कार्ड म्हणजे नुसती अँटेना आणि थोडं सर्किट नव्हे. नखाएवढ्या त्या चिपमध्ये बहुतेक वेळा स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते. म्हणजे लॅपटॉपच्या पोटात आणखी एक छोटा संगणक बसलेला असतो आणि त्याला चालायला त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर लागतं. तेच फर्मवेअर. ते कार्डावरच कायमचं साठवायचं तर त्यासाठी वेगळी चिप लागते, तिचे पैसे पडतात. म्हणून उत्पादक ती चिप गाळतात आणि काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवतात. संगणक चालू झाला की दर वेळी सिस्टिमने डिस्कवरची फर्मवेअरची फाइल उचलायची आणि कार्डाच्या मेमरीत भरायची. वीज गेली की कार्ड पुन्हा कोरं. विंडोजमध्ये ही फाइल ड्रायव्हरच्या, म्हणजे सिस्टिमच्या बाजूने कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, गाठोड्यातच बांधून येते, त्यामुळे ती आहे हे कुणाला कळतही नाही. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, राहतो आणि फर्मवेअर एका वेगळ्या फोल्डरमध्ये. ड्रायव्हर सगळ्यांनी मिळून लिहिलेला, उघडा. फर्मवेअर कंपनीचं, बंद. वितरणात, म्हणजे लिनक्सच्या तयार संचात, ते घालायचं की नाही हा परवान्याचा प्रश्न, आणि त्यातूनच सगळा इतिहास घडला.

कर्नलच्या नोंदी उघडून बघितल्या की हे डोळ्यांना दिसतं. टर्मिनलमध्ये डीमेसेजची कमांड द्यायची आणि वायफायच्या ओळी शोधायच्या. इंटेलचं एएक्स२०० कार्ड असेल आणि फाइल नसेल, तर ड्रायव्हर आधी मागतो: आयडब्ल्यूएलवायफाय-सीसी-ए०-७७.यूकोड. समोर उत्तर लिहिलेलं असतं, त्रुटी क्रमांक उणे दोन. उणे दोन म्हणजे अशी फाइल सापडली नाही. मग तो ७६ मागतो. उणे दोन. मग ७५, मग ७४. जुन्यात जुनी चालेल अशी आवृत्ती येईपर्यंत एकेक पायरी उतरत राहतो, आणि शेवटी योग्य फर्मवेअर मिळालं नाही असं लिहून ते कुठल्या भांडारात मिळेल त्याचा पत्ताही देतो. मला या ओळी वाचायला मनापासून आवडतात. काय हवं होतं, कुठल्या नावाने शोधलं, कुठे थांबलो, कुठे मिळेल, सगळं स्वच्छ सांगितलेलं असतं. "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा" असल्या निरोपांची आपल्याला इतकी सवय झालीय की यंत्र इतकं सरळ बोलू शकतं यावर पटकन विश्वास बसत नाही. घाबरून ती खिडकी बंद करणाऱ्या माणसांना मी थांबवते. अहो, वाचा तरी, त्याने फाइलचं नाव सांगितलंय!

त्याच्याही आधीची पायरी म्हणजे कार्ड कोणतं आहे हे कळणं. खोक्यावरच्या नावावर विसंबता येत नाही. यूएसबीवर लावायच्या अडॅप्टरांमध्ये तर एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या वस्तूच्या पहिल्या आवृत्तीत एका कंपनीची चिप असते आणि पुढच्या आवृत्तीत दुसऱ्याच. खरी ओळख एलएसपीसीआय किंवा एलएसयूएसबी या कमांडने कळते. उत्पादकाचा एक क्रमांक आणि वस्तूचा एक. पीसीआयवर, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या जोडणीवर, १४ई४ दिसलं की ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस, १०ईसी रियलटेक, १४सी३ मीडियाटेक. इंटेलने आपल्यासाठी ८०८६ घेतलाय, स्वतःच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचा क्रमांक. काही वर्षं या कामात घातली की हे आकडे ओळखीच्या माणसांसारखे होतात. आकडा दिसला की पुढची संध्याकाळ कशी जाणार याचा अंदाज येतो.

कधी कधी कार्ड, ड्रायव्हर, फर्मवेअर सगळं जागच्या जागी असतं आणि नुसतं बटण बंद असतं. आरएफकिल ही कमांड कुठला रेडिओ बंद आहे ते दाखवते; तिच्या यादीत सॉफ्ट ब्लॉक दिसला तर एका कमांडने सुटतो. हार्ड ब्लॉक असेल तर लॅपटॉपच्या कडेची बारीक सरकपट्टी किंवा विमानाच्या चित्राची कळ शोधावी लागते. शेजारी विंडोज असेल तर त्याचं फास्ट स्टार्टअप बंद करून बघावं. त्यात संगणक पुरता बंद होतच नाही, आणि कार्ड अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं.

काही यूएसबी अडॅप्टर मात्र खरोखर बुचकळ्यात टाकतात. लावलं की सिस्टिमला वायफाय दिसत नाही, सीडी दिसते! त्या चिमुकल्या वस्तूत विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो आणि आधी ती स्वतःला सीडी म्हणून सादर करते, म्हणजे विंडोजवाल्याला ड्रायव्हर हुडकत बसावं लागू नये. ड्रायव्हर बसला की तोच तिला इशारा देतो आणि ती रूप बदलून वायफाय होते. लिनक्समध्ये हा इशारा यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम देतो. कुणीतरी बसून अशा एकेका वस्तूचा इशारा शोधून काढलाय, त्याची यादी केलीय, ती जपलीय. त्या यादीबद्दल मला फार आदर आहे.

आणि इथेच मागे वळून बघावंसं वाटतं. २००३ साली इंटेलने सेंट्रिनो हा वायफायसकटचा लॅपटॉपसंच आणला आणि लॅपटॉप म्हटलं की वायफाय हे समीकरण झालं. लिनक्सवाल्यांच्या हातात तेव्हा बहुतेक कार्डांची कागदपत्रंच नव्हती. चिपला कुठल्या पत्त्यावर काय लिहिलं म्हणजे ती काय करते, हे कंपन्या सांगायला तयार नव्हत्या. मग एनडीआयएसरॅपर आला. विंडोजसाठी बनवलेला ड्रायव्हर जसाच्या तसा उचलायचा आणि लिनक्स कर्नलला त्याच्यासाठी विंडोजचं सोंग घ्यायला लावायचं. चालायचं ते. त्याने कित्येकांची वेळ मारून नेली. पण कर्नलच्या आत, जिथे एक चूक सगळा संगणक लोळवू शकते तिथे, कुणालाच न दिसणारा परका प्रोग्राम पळायचा.

ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी काही माणसांनी दुसरी वाट धरली, आणि तिची हकिगत मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. त्यांनी दोन गट केले. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उकलून चिप कशी वागते याचं साध्या शब्दांत वर्णन लिहायचं. दुसऱ्या गटाने कंपनीच्या कोडचं तोंडही न पाहता, फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहायचा. म्हणजे उद्या कुणी कोर्टात खेचलं तर नक्कल केली असं म्हणायला जागा नाही. त्यातून निघालेला ड्रायव्हर २००६ साली कर्नल २.६.१७ मध्ये गेला, पुढे त्याचाच बी४३ झाला. एवढं करूनही फर्मवेअर कंपनीचंच राहिलं आणि ते वाटायची परवानगी नव्हती. म्हणून बी४३-एफडब्ल्यूकटर नावाचं अवजार आलं. वापरणाऱ्याने कंपनीचा ड्रायव्हर स्वतः उतरवायचा आणि त्यातून फर्मवेअर कापून काढायचं. इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठात तर त्यातल्या काही चिपांसाठी फर्मवेअरच नव्याने, खुलं लिहिलं गेलं.  ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये, आणि तेव्हाही फर्मवेअर बंदच.

अथेरॉसची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. मॅडवायफाय नावाचा लिनक्सचा ड्रायव्हर होता, पण त्याच्या पोटात एचएएल नावाचा एक बंद तुकडा होता. रेडिओशी खरं बोलणं तोच तुकडा करायचा. ओपनबीएसडी या दुसऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या राइक फ्लोटरने चिपचं वागणं अभ्यासून त्या तुकड्याला खुला पर्याय लिहिला. लिनक्सवाल्यांनी तो घ्यायचं ठरवलं, तेव्हा हे कायद्याला धरून आहे का अशी शंका निघाली. खुल्या सॉफ्टवेअरला कायद्याची मदत करणाऱ्या सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरच्या वकिलांनी कोड तपासला आणि तो निर्दोष ठरवला. त्यातून एटीएच५के हा ड्रायव्हर उभा राहिला. आणि २००८ च्या जुलैत अथेरॉसने आपल्या नव्या कार्डांचा ड्रायव्हर, एटीएच९के, आपणहून खुला करून टाकला. या मालिकेतली लॅपटॉपच्या आत बसणारी कार्डं फर्मवेअरची फाइल मागतच नाहीत. लावा, चालू करा, नेटवर्क दिसतं.

इंटेलचंही सगळं सरळ नव्हतं. आज तिच्या कार्डांची शिफारस आम्ही डोळे मिटून करतो, पण ३९४५ या कार्डाबरोबर एक बंद प्रोग्राम सतत पार्श्वभूमीवर चालवावा लागायचा. रेडिओने कोणत्या लहरींवर, किती ताकदीने बोलायचं याचे नियम तो राखायचा. लोकांनी आवाज उठवला. ओपनबीएसडीच्या दामियां बर्गामिनीने तर तो प्रोग्राम न वापरता ड्रायव्हर लिहून दाखवला. पुढे इंटेलने नवा ड्रायव्हर आणला आणि त्या प्रोग्रामची गरजच काढून टाकली.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ होती असं मी म्हणणार नाही. रेडिओलहरी ही सगळ्यांची सामायिक गोष्ट आहे. कुठल्या देशात कुठला चॅनेल, किती ताकद, याचे कायदे आहेत, आणि ते मोडणारं यंत्र विकलं तर उत्पादकाला जाब द्यावा लागतो. पण त्यावरचं उत्तर लिनक्सने उघड्यावरच दिलं. देशागणिक नियमांची एक साधी मजकुराची फाइल आहे, कुणीही वाचावी. तिची पक्की प्रत सहीशिक्क्यासह कर्नलकडे जाते, आणि सही जुळली नाही तर कर्नल ती घेत नाही. तुमचा देश माहीत नसेल तेव्हा सगळीकडे चालतील असे सर्वांत कडक नियम लागू होतात. म्हणूनच राउटर बारा-तेरा क्रमांकाच्या चॅनेलवर गेला आणि कार्डात दुसऱ्याच देशाचा कोड कोरलेला असला, की फोनला दिसणारं नेटवर्क लॅपटॉपला दिसत नाही. एटीएच९के खुला होऊन इतकी वर्षं झाली, त्याने आकाश कोसळलेलं नाही. कायद्याच्या नावाखाली जी कागदपत्रं दाबली गेली, त्यातली बरीचशी नुसत्या सवयीने दाबली गेली असं माझं मत आहे.

एका मैत्रिणीच्या आईंचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आला होता. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चढवलं आणि वायफाय नाही. काकू शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"अगं, माझ्या फोनला तर येतंय नेट. मग यालाच काय झालंय?"

"काकू, तुमच्या फोनला येतंय ना, तेच याला देऊ. चार्जिंगची केबल आहे?"

फोन यूएसबीने जोडला, सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू केलं. दोन-चार सेकंदांत कोपऱ्यात तारेच्या जोडणीचं चिन्ह आलं. हा उपाय मी सगळ्यांना सांगते, कारण तो इतका बिनबोभाट चालतो. टेदरिंगवरचा फोन लिनक्सला नेटवर्कच्या साध्या वायर्ड कार्डासारखा दिसतो, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो आणि फर्मवेअर लागत नाही. फोन स्वतः घरच्या वायफायवर असला तरी ते नेट पुढे जातं. मग फर्मवेअरचं पॅकेज उतरवलं, पुन्हा चालू केलं, आणि यादीत शेजारपाजारच्या नेटवर्कांची नावं उमटली. काकूंनी आपलं नाव शोधून स्वतः पासवर्ड घातला. मला घालू दिला नाही.

तो लॅपटॉप डेबियन या लिनक्स वितरणाची २०२३ नंतरची आवृत्ती टाकून सुरू केला असता, तर बहुधा हा खटाटोप करावा लागला नसता. डेबियनने आपल्या सामाजिक कराराला, म्हणजे खुलंच सॉफ्टवेअर देण्याच्या जाहीर वचनाला, जागून वर्षानुवर्षं बंद फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवलं. मध्येच निळा पडदा यायचा, अमुक फाइल हवी आहे, पेन ड्राइव्ह किंवा फ्लॉपीवर असेल तर द्या. फर्मवेअरसकट बनवलेला इन्स्टॉलर होता, पण बाजूला, शोधणाऱ्यालाच सापडेल असा. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी यावर मतदान घेतलं, सामाजिक करारात बदल केला आणि फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतलं. जून २०२३ मध्ये आलेली १२ वी आवृत्ती त्याप्रमाणे निघाली. त्या चर्चेतला एक मुद्दा माझ्या मनातून जात नाही. नव्या लॅपटॉपांमध्ये वायफायच काय, आवाजालाही फर्मवेअर लागू लागलं होतं. ज्यांना दिसत नाही ती माणसं इन्स्टॉलर ऐकून चालवतात. फर्मवेअर नाही म्हणजे आवाज नाही, आणि आवाज नाही म्हणजे त्यांच्यासाठी पहिल्या पडद्यापाशीच दार बंद.

हा निर्णय मला पटतो. तत्त्व पातळ केलं म्हणून हळहळणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांची हळहळ मी खरी मानते. पण डेबियनने फर्मवेअर मुकाट्याने आत सरकवलेलं नाही. त्याच्यासाठी वेगळा विभाग केला, आणि काय बसवलं, कशासाठी बसवलं, हे वापरणाऱ्याला कळतं. नको असेल तर सुरुवातीलाच नकार देता येतो. ज्याला संगणक सुरूच करता आला नाही, त्याच्याशी स्वातंत्र्याच्या गोष्टी बोलणार कुठे?

आजही एक जागा दुखते, ती रियलटेकच्या यूएसबी अडॅप्टरांची. कर्नलमध्ये २०१९ पासून आरटीडब्ल्यू८८ आणि २०२२ पासून आरटीडब्ल्यू८९ हे ड्रायव्हर आहेत, त्यांनी लॅपटॉपच्या आतल्या कार्डांचं बरंच भलं केलं आणि हळूहळू यूएसबीलाही हात घातलाय. पण जुन्या कित्येक चिपांसाठी लोक अजून कर्नलबाहेरचा कोड डीकेएमएस नावाच्या अवजाराने स्वतःच्या संगणकावर बांधतात. कर्नल बदलला की तो पुन्हा बांधला जातो, आणि कधी बांधलाच जात नाही. सही असलेलाच कोड चालू देणारं सिक्युअर बूट चालू असेल तर त्यावर आपली सही हवी, आणि त्या सहीची चावी संगणक पुन्हा चालू करताना निळ्या पडद्यावर नोंदवायची. नवख्या माणसाला त्या पडद्यावर एकटं सोडणं मला क्रूर वाटतं.

अशा वेळी कार्डच बदलावं असं मी सुचवते. मागचं झाकण उघडायचं, बोटाच्या पेराएवढं कार्ड एका स्क्रूने धरलेलं असतं. त्यावर अँटेनाच्या दोन बारीक तारा, काळी आणि पांढरी, तांदळाच्या दाण्याहून लहान टिकल्यांनी बसवलेल्या. त्या सरळ वर उचलायच्या, तिरक्या ओढल्या तर तुटतात. बसवताना टिकली नेमकी मध्यावर ठेवून नखाने दाबली की टक् असा आवाज येतो, तोवर सोडायची नाही. घेण्याआधी एकच बघायचं: इंटेलचं एएक्स२०१ किंवा एएक्स२११ नको. त्यांत नुसता रेडिओ असतो, बाकीचा मेंदू इंटेलच्या प्रोसेसरकडे किंवा चिपसेटमध्ये असतो, त्यामुळे एएमडीच्या लॅपटॉपात ती चालतच नाहीत. एएक्स२००, एएक्स२१० ही पूर्ण कार्डं. काही लॅपटॉपांचं बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारा आतला प्रोग्राम, परकं कार्ड दिसलं की सुरू व्हायलाच नकार देतं, तेही आधी शोधून घ्यावं.

फर्मवेअर मिळालं, वायफाय लागलं, म्हणजे प्रश्न मिटला असं बहुतेकांना वाटतं. माझ्या मते प्रश्न तिथे सुरू होतो. २०१७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. जुलैत ब्रॉडपॉन नावाची त्रुटी जाहीर झाली. ती फोनांत बसणाऱ्या ब्रॉडकॉमच्या चिपांच्या फर्मवेअरमध्येच होती, म्हणजे फोनच्या मालकाने काहीही दाबलं नसताना, नुसत्या हवेतून, त्या आतल्या संगणकाचा ताबा घेता येत होता. दुरुस्ती फक्त कंपनीच करू शकत होती, आणि ती आपल्यापर्यंत पोचायला फोन बनवणाऱ्याची मर्जी लागत होती. ऑक्टोबरात क्रॅक नावाची त्रुटी आली, वायफायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षा पद्धतीच्या मांडणीतलीच खोट. लिनक्सवर जोडणीच्या वेळची गुप्त किल्ल्यांची देवाणघेवाण सांभाळणारा डब्ल्यूपीए-सप्लिकंट हा प्रोग्राम खुला आहे, त्याचे पॅच, म्हणजे दुरुस्तीचे तुकडे, त्याच दिवशी सगळ्यांच्या हातात होते. वितरणांनी ते घेतले, आणि दहा वर्षं जुन्या लॅपटॉपांनाही ते मिळाले. बंद फर्मवेअरचं कार्ड मात्र कंपनी लक्ष घालेल तोवरच सांभाळलं जातं. नवं मॉडेल आलं की जुन्याची फाइल आहे तशीच पडून राहते, आणि तिच्यात काय राहून गेलंय हे बाहेरच्या कुणाला तपासता येत नाही.

म्हणून एखादा जुना लॅपटॉप अजून बरीच वर्षं वापरायचा असेल, आणि वेगाची हाव नसेल, तर मी आजही १६८सी ने सुरू होणारं, एटीएच९केवर चालणारं कार्ड हुडकायला सांगते. जुन्या मिनी पीसीआय एक्सप्रेस खाचेत ते बसतं. नव्या वेगांचं त्याला काही जमत नाही. पण ते चालवायला डिस्कवरून एकही बंद फाइल त्याच्यात भरावी लागत नाही, आणि त्याचा ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कुणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो. नव्या पिढीचं कार्ड विकणाऱ्या एकाही कंपनीला हे पुन्हा करावंसं वाटू नये, याचं मला वाईट वाटतं.